आबेलच्या सहली आणि फिर्मांची बशी

…तर फिर्मांने सूपची बशी दोन्ही हातांत धरून ओठांपाशी आणली होती. काल आपण तिथं थांबलो. ती बशी अजून थोडा वेळ तशीच अधांतरी राहू द्या. काल मध्येच उठून गेलेल्यांना वाटलं असेल, एक म्हातारा सूप भुरकत होता, दुसरा त्याच्यावर खेकसला, यात एवढं सांगण्यासारखं काय? आहे, सांगण्यासारखं आहे. पण त्यासाठी खेकसणारा कोण होता ते आधी कळायला पाहिजे.

त्याचं नाव आबेल कास्तां. बोर्दोच्या उत्तरेला गोदीला चिकटून बाकालां नावाची कामगारांची वस्ती आहे, तिथला. चाळीस वर्षं गोदीत काढली. जहाजाच्या पोटात वाइनचं कुठलं पिंप कुठं बसवायचं हे ठरवायचं त्याचं काम. जड खाली, हलकं वर, गळकं दाराजवळ. एकदा त्याने रचलेलं जहाज वादळात सापडलं, तर डोलकाठी मोडली पण पिंप एक हललं नाही, असं गोदीत सांगत. खरं-खोटं त्या समुद्राला माहीत. पण आबेलने ते कधी नाकारलं नाही.

निवृत्त झाला आणि पिंपांची जागा माणसांनी घेतली. वस्तीतल्या म्हाताऱ्यांचा एक क्लब होता. महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी त्यांची एक दिवसाची सहल निघे. सकाळी जायचं, संध्याकाळी सूपच्या वेळेला परत. या सहलींची आखणी आबेलकडे आली आणि मग ती कुणाची हिंमत झाली नाही त्याच्याकडून काढून घ्यायची. बसमध्ये कोण कुठं बसणार तेही तोच ठरवी. वजनदार बायका मागच्या चाकावर, मळमळणारे पुढे, आणि बोलघेवडी लुसेत ड्रायव्हर पाकोपासून शक्य तितकी लांब. लुसेत म्हणायची, "आबेल, मला पिंप समजतोस काय रे?" आबेल म्हणायचा, "पिंप गप्प बसतं, लुसेत."

त्याची पद्धत अशी. सहलीच्या आठ दिवस आधी तो साध्या बसने एकटा त्या गावी जायचा. खिशात चौकटीची वही, हातात घड्याळ. आणि तिथं उतरला की चालायचा तो स्वतःच्या पायांनी नाही, लुसेतच्या पायांनी. म्हणजे क्लबात सगळ्यांत वाईट गुडघे लुसेतचे. तर आबेल एक पाय ओढत, दर वीस पावलांवर थांबत, "आई गं" म्हणत चर्चपासून खानावळीपर्यंत जायचा आणि मिनिटं लिहायचा. एका गावात तर एका बाईने धावत खुर्ची आणली, पाणी दिलं, डॉक्टरला बोलवायला माणूस पाठवला. आबेलला इतकं अवघडल्यासारखं झालं की तो बसथांब्यापर्यंत लंगडतच गेला.

वहीत काय काय असायचं! सेंत-एमिलियोंच्या दगडी गल्लीपुढे लिहिलेलं, "चढण: लुसेत नाही. उतरण: कुणीच नाही." आर्काशोंच्या वाळूच्या डोंगरापुढे, "खालून बघायचा. छान दिसतो." एका चर्चपुढे, "संडास मागे. कडी नाही. बाहेर कुणीतरी गाणं म्हणत उभं राहावं." आणि प्रत्येक गावापुढे लाल शाईने: बारा ते दोन सगळं बंद, म्हणजे बारा ते दोन आपण ताटावर.

या वहीत एका गोष्टीला मात्र जागाच नव्हती. मेदोकचे मोठे शातो. नदीकाठाने उत्तरेला गेलं की द्राक्षमळ्यांच्या मधोमध त्या हवेल्या दिसतात, लोखंडी फाटकांच्या आत. त्यांची नावं आबेलला पाठ होती, कारण ती पिंपांवर डागलेली असत आणि चाळीस वर्षं ती पिंपं त्याच्या हाताखालून गेली होती. पण फाटकाच्या आत तो कधी गेला नव्हता. बस त्या रस्त्याने जायची तेव्हा तो मायक्रोफोनवर सांगायचा, "उजवीकडे अमका शातो," आणि सगळे उजवीकडे बघायचे, आणि शातो निघून जायचा.

सहा वर्षं त्याने पत्रं लिहिली. स्वच्छ अक्षरात, बायको सोलांजकडून शुद्धलेखन तपासून. कुणी उत्तर देत नसे, कुणी छापील कागद पाठवी. सातव्या वर्षी शातो पेरगालमधून उत्तर आलं. द्राक्षतोड संपल्यावर, ऑक्टोबरातल्या दुसऱ्या गुरुवारी, चाळीस जणांना येता येईल. तळघर दाखवू, वाइन चाखवू आणि तोडणीच्या मजुरांच्या भोजनगृहात जेवण देऊ. आबेलने ते पत्र खिशात ठेवलं, मग वहीत ठेवलं, मग स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावलं. सोलांज म्हणाली, "आता त्याला मेणबत्ती लाव आणि रोज नमस्कार कर."

आणि आता फिर्मां. फिर्मां हा सोलांजचा थोरला भाऊ, म्हणजे आबेलचा मेव्हणा. तोही गोदीतला. पिंपं ढकलणारा, फावड्यासारखे हात, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. आबेल त्याला मेव्हण्या म्हणायचा, तो आबेलला दाजी. बसमध्ये त्याची जागा ठरलेली, ड्रायव्हरच्या मागे, उजवी खिडकी.

त्या दिवशी बस निघाल्या निघाल्या आबेलने मायक्रोफोन हातात घेतला. नवा कोट, गळ्याला टाय.

"ऐका. तळघरात कुणी पिंपावर टकटक करायची नाही. आपल्याला आतला आवाज कळतो हे त्यांना दाखवायची गरज नाही. दुसरं, चाखायला देतील ती वाइन तोंडात घोळवायची आणि बादलीत थुंकायची."

पाकोने आरशातून मागे पाहिलं.

"काय करायची?" फिर्मांने विचारलं.

"थुंकायची. तशीच पद्धत असते."

"दाजी, वाइन थुंकायला मी काय आजारी आहे?"

सगळे हसले. आबेलही हसला, पण त्याचे कान लाल झाले. त्याला आतून भीती होती. सहा वर्षांची पत्रं, चाळीस वर्षांची पिंपं, आणि आता ही चाळीस माणसं, ज्यांच्यातल्या कुणालाही काटा कुठल्या हातात धरावा याची काळजी कधी पडलेली नव्हती.

तळघर झालं. चाखणं झालं. बादलीत फक्त आबेल थुंकला. मग भोजनगृह. लांब टेबलं, पांढऱ्या चादरी, वाइनच्या बाटल्या. व्यवस्थापक मादाम वेरीन, तिशीतली, करड्या सुटात, दाराजवळ हात बांधून उभी. चाळीस माणसं अशी गप्प बसली होती की पावाला हात लावायचाही धीर कुणाला होईना. आणि तेवढ्यात मोठमोठ्या भांड्यांतून लसणीचं सूप आलं.

तो वास आला आणि सगळ्यांचे खांदे खाली आले. हे तर घरचंच! आई करायची ते. फिर्मांने तीन बशा खाल्ल्या. तिसरीच्या तळाशी दोन घोट उरले तसा त्याने चमचा बशीत पालथा ठेवला, बाटली घेतली आणि चमच्याची पाठ बुडेपर्यंत तांबडी वाइन ओतली. मग बशी उचलली. याला शाब्रो म्हणतात. इकडच्या कुठल्याही घरात सूपचा शेवट असाच होतो. आबेलच्या बापाने त्याला चौथ्या वर्षी शिकवलेलं, आणि आबेलने स्वतः त्याच आठवड्यात पाच संध्याकाळी केलेलं.

तर इथं ती बशी येते, कालची. फिर्मांने ती ओठांपाशी आणली, पहिला फुरका मारला, आणि तो फुरका त्या उंच छताला लागून परत आला. आबेलने दाराकडे पाहिलं. मादाम वेरीन इकडेच बघत होती. आणि आबेलच्या तोंडून शब्द सुटले,

"ठेव ती बशी! लाज आण रे थोडी! गोठ्यात बसलायस काय? चाळीस माणसांचं नाक कापलंस!"

एवढ्या मोठ्याने, की स्वयंपाकघरात कुणाच्या हातून झाकण पडलं.

फिर्मांने बशी खाली ठेवली. थेंब सांडू न देता, हळू. "बरं," म्हणाला. रुमालाने मिशी पुसली आणि हात मांडीवर ठेवून बसला. बशीत दोन बोटं गुलाबी सूप तसंच राहिलं. शेजारी सोलांज बसली होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही, भावाकडेही पाहिलं नाही. पावाचा तुकडा घेतला आणि त्याचा चुरा करत बसली.

आता आबेलला वाटलं, मालकांच्या माणसांची माफी मागितली पाहिजे. मादाम वेरीन कुठंतरी निघून गेली होती, म्हणून तो स्वयंपाकघरात शिरला. तिथं ओदेत नावाची जाडजूड आचारीण मटणाचे तुकडे लावत होती.

"बाई, माफ करा. आमचा एक जण… सूपमध्ये वाइन घालून बशीने प्यायला. खेड्यातला आहे हो. मनावर घेऊ नका."

ओदेतने काटा खाली ठेवला. "तुम्हीच ओरडलात का आत्ता?"

"हो."

"कशाला?"

आबेलने टायची गाठ सारखी केली.

"अहो, आमचे म्हातारे मालक चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. शाब्रो केल्याशिवाय ते टेबलावरून उठत नाहीत. काल त्यांनीच मला बोलावून सांगितलं, ओदेत, उद्या गोदीतली माणसं येतायत, त्यांना ती शहरी गाजराची पातळ धार देऊ नकोस, लसणीचं सूप कर, बाटल्या आधीच टेबलावर ठेव, त्यांना कळेल. ते स्वतः बशी घेऊन तुमच्यात बसणार होते. कंबर धरली म्हणून राहिले." तिने पुन्हा काटा उचलला. "मी इथं कान देऊन होते. म्हटलं, चाळीस फुरके ऐकू येतील. एक आला."

"कॉफी मटणानंतर लगेच देऊ की थांबू?" असं ओदेतने दोनदा विचारलं, तेव्हा तो भानावर आला.

तो बाहेर आला. बाकीच्यांच्या बशा उचलून नेल्या होत्या. फिर्मांची भरलेली म्हणून वाढणाऱ्या मुलीने तशीच ठेवली होती. चाळीस चेहरे आबेलकडे वळले. माफी मागायला गेला होता, काय म्हणाले ते ऐकायला. एकच वाक्य बोलायचं होतं. पी मेव्हण्या, ते सूप तुझ्यासाठीच होतं. एवढंच. आबेलने तोंड उघडलं.

"मटणानंतर लगेच कॉफी येतेय," तो म्हणाला. आणि बसला.

पुढच्या महिन्यात ड्रायव्हरच्या मागची उजवी खिडकी रिकामी होती. त्याच्या पुढच्याही. आबेलने तिथं दुसऱ्या कुणाला बसवलं नाही आणि कुणी बसलंही नाही. "तब्येत बरी नाही म्हणे," पाको आरशात बघत म्हणायचा. आणि फिर्मां तर रोज दुपारी कोपऱ्यावरच्या बारमध्ये पत्ते कुटत बसलेला सगळ्यांना दिसत होता.

आबेलला एकच काम उत्तम येत होतं, तेच तो करत राहिला. त्याने सहली आखल्या. जानेवारीत आर्काशोंच्या खाडीवर, कारण फिर्मांला कालवं आवडत. मार्चमध्ये दोर्दोन्य नदीकाठी लांप्र माशाच्या जेवणाला, कारण फिर्मां त्यासाठी रांगेत भांडला असता. मे महिन्यात एका गावच्या बैलबाजाराला, कारण फिर्मांला बैलांच्या पाठीवर थापा मारायला आवडे. प्रत्येक सहलीचा कागद तो स्वतः नेऊन फिर्मांच्या टपालपेटीत टाकी, दार मात्र वाजवत नसे. बैलबाजारात शेणातून पाय काढत लुसेत अखेर म्हणाली, "आबेल, सहा महिने आम्ही फिर्मांच्या आवडीचं खातोय, फिर्मांच्या आवडीचं बघतोय, आणि फिर्मां घरी बसून ऑम्लेट खातोय. त्याच्याशी काय ते बोलून टाक ना बाबा, म्हणजे मला एकदा एखादी फुलांची बाग तरी दिसेल!"

एके दिवशी आबेल बारमध्ये शिरला तर फिर्मां नुकताच उठून गेला होता. टेबलावर पत्त्यांच्या गुणांचा कागद पडलेला. आबेलने उलटून पाहिला. मागच्या बाजूला त्याचंच अक्षर: "११ वाजून ४० मिनिटे, कालवांच्या झोपड्या, बसायला बाकं आहेत." बाकांच्या खाली त्याने दोनदा रेघ मारली होती, कारण फिर्मांची पाठ दुखायची.

घरी तर आणखी वेगळं. सोलांज त्याला त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. फक्त सूप केलं की बाटली त्याच्या ताटाशेजारी आणून ठेवायची आणि समोर बसायची. आबेल चमच्याने शेवटपर्यंत खायचा आणि बशी बाजूला सारायचा. बाटलीला हात लागत नसे. महिनाभराने ती म्हणाली, "का रे? इथं पण मादाम बघतायत का?"

तो उठून बशी धुवायला गेला.

हे असंच चाललं असतं. पण जूनमध्ये आबेलने धीर करून फिर्मांचं दार वाजवलं. शर्ट इस्त्रीचा, हातात टोपी, आणि मनात सगळं वाक्य तयार. फिर्मांने दार उघडलं. जेवत होता. आत टेबलावर सूप, आणि शेजारी पाण्याचा ग्लास.

"ये दाजी."

"मेव्हण्या, मी त्या दिवशी ओरडलो…"

"सोड रे. बरोबर ओरडलास तू." फिर्मां खुर्चीवर बसला. "मोठ्या घरात मोठ्या घरासारखं वागावं. मी गावंढळच. आता बघ, डिसेंबरात पोरीकडे जातोय, तिकडे दक्षिणेला पो शहरात. कायमचा. एकट्याने राहायचं वय नाही म्हणते. जावई वकील आहे, त्यांच्याकडे टेबलावर चादर घालून जेवतात. म्हणून आतापासून सवय करतोय." त्याने चमचा उचलला, बशी पलीकडे कलती केली, आणि त्या फावड्यासारख्या हाताने उरलेलं सूप इतक्या जपून चमच्यात घेतलं, की जणू चमचा काचेचा होता. आवाज न करता प्यायला. मग वर बघून लहान पोरासारखं विचारलं, "असंच ना? नीट जमतंय ना?"

आता बघा. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. त्याच्यासमोर आबेल उभा, हातात टोपी. ओदेतचं बोलणं जिभेच्या टोकावर. एवढं सांगितलं असतं तर फिर्मांने तो चमचा खिडकीतून फेकला असता. पण मग तो विचारणार, तुला कसं ठाऊक? आणि मग, कधीपासून ठाऊक?

"जमतंय," आबेल म्हणाला.

आणि घरी आला. येताना त्याने नेहमीची वाट सोडून गोदीमागची धरली, रस्त्यात कुणी भेटू नये म्हणून. नुसतं ओरडला होता तोवर तो एका क्षणाचा मूर्खपणा होता, तो कुणाच्याही हातून होतो. पण ते "जमतंय" त्याने शुद्धीवर असताना, इस्त्रीचा शर्ट घालून म्हटलं होतं.

ऑक्टोबरची सहल त्याने जुलैपासूनच आखायला घेतली. लामार्कपर्यंत मेदोकच्या रस्त्याने, तिथून बससकट फेरीबोटीतून नदी ओलांडायची, पलीकडे ब्लाय, आणि ब्लायच्या पुढच्या ज्या गावात फिर्मां आणि सोलांज जन्मले ते गाव. आईच्या घराची गल्ली. गल्लीच्या तोंडाशी लहानशी खानावळ. आबेल तीनदा जाऊन आला. तिसऱ्यांदा लुसेतच्या पायांनी नाही, फिर्मांच्या पायांनी चालला: लांब ढांगा, आणि मध्येच थांबून भिंतीवर हाताने थापा. खानावळवालीने विचारलं, पहिलं काय करू? आबेलने वहीत बघितल्यासारखं केलं. वहीत काही नव्हतं. "लसणीचं सूप," तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी त्याने सोलांजपुढे कागद ठेवला. तिने गावाचं नाव वाचलं.

"फिर्मां येणार नाही," ती म्हणाली.

"तू सांग ना त्याला."

"मी सांगेन. माझ्यासाठी येईल तो. पण आबेल, आईच्या दारात उभं राहून तुम्ही दोघं हवापाण्याचं बोलणार असाल, तर मी तिथंच दोघांना नदीत ढकलून एकटी परत येईन."

फिर्मां आला. पण आपल्या जागेवर बसला नाही. थेट मागे गेला, शेवटच्या रांगेत, टोपी मांडीवर, पाय जवळ घेऊन, दवाखान्यात नंबर लावून बसावं तसा. ड्रायव्हरच्या मागची उजवी खिडकी रिकामीच.

बस निघाली. मेदोकचा रस्ता लागला. द्राक्षं तोडून झालेली, पानं पिवळी पडायला लागलेली. शातो पेरगालचं फाटक उजवीकडून आलं. आबेलच्या हातात मायक्रोफोन होता. त्याने नाव घेतलं नाही. तरी सगळ्यांनी उजवीकडे बघितलं, एक फिर्मां सोडून.

लामार्कला फेरीबोट पलीकडेच होती. पाकोने रांगेत बस उभी केली आणि इंजिन बंद केलं. नदी नेहमीसारखी दुधाळ चहाच्या रंगाची, आणि पलीकडचा काठ धुक्यात. बोट यायला वीस मिनिटं. ती वीस मिनिटंही आबेलच्या वहीत होती. त्यांच्यापुढे त्याने काही लिहिलं नव्हतं.

त्याने मायक्रोफोन सुरू केला.

"अकराला बोट. साडेअकराला ब्लाय, किल्ला खालून बघायचा. बारा वाजून दहा मिनिटांनी जेवण. पहिलं…" तो थांबला. वही मिटून खिशात घातली. "पहिलं लसणीचं सूप."

लुसेतने पिशवीतली गोळी शोधायचं सोंग केलं.

"आणि सूपबरोबर बाटल्या आधीच टेबलावर असतील," आबेल म्हणाला. "मला त्याबद्दल काही सांगायचंय. मागच्या ऑक्टोबरात पेरगालमध्येही त्या आधीच होत्या. कशासाठी होत्या ते मला माहीत आहे. तिथल्या म्हाताऱ्या मालकांनी आचारणीला सांगून ते सूप आपल्यासाठी करायला लावलं होतं. शाब्रो करता यावा म्हणून. ते स्वतः रोज करतात. बशी घेऊन आपल्यात बसणार होते. आचारीण आत कान देऊन बसली होती, चाळीस फुरके ऐकायला." त्याचा आवाज मायक्रोफोनमध्ये खरखरत होता. "त्या टेबलावर एकच माणूस नीट वागला. त्याला मी गोठ्यातला म्हणालो."

कुणीतरी हळूच म्हणालं, "अरे देवा." पाकोने आरशातून नजर काढली. सोलांज खिडकीबाहेर नदीकडे बघत होती.

मागच्या रांगेत फिर्मां उठला. टोपी डोक्यावर घातली. बसच्या मधल्या वाटेने, दोन्हीकडच्या खुर्च्यांना धरत, पुढे आला. येताना कुणाच्या डोळ्यांत बघितलं नाही. ड्रायव्हरच्या मागे, उजव्या खिडकीपाशी, तो थांबला. बसला नाही. आबेलच्या अगदी समोर उभा राहिला, इतका जवळ, की त्याचा श्वाससुद्धा मायक्रोफोनमध्ये ऐकू यायला लागला.

"म्हणजे जूनमध्ये तू माझ्या घरी आलास," फिर्मां म्हणाला, "मी तुला चमचा धरून दाखवला, तेव्हा तुला हे ठाऊक होतं."

आबेलने मान हलवली.

"आणि ती कालवं, ते बैल. तेव्हाही."

"हो."

बाहेर बोटीचा भोंगा वाजला. रांगेतल्या गाड्या सुरू व्हायला लागल्या. पाकोने किल्लीला हात लावला आणि तसाच ठेवला.

"आबेल," फिर्मां म्हणाला. दाजी म्हणाला नाही. "खरं सांग. कधीपासून?"

आबेलला मायक्रोफोन बंद करता आला असता. बटण अंगठ्याखालीच होतं. पण त्याने अंगठा उचलला, आणि चाळीस माणसांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं.

"कॉफी यायच्या आधीपासून, मेव्हण्या. बशी अजून तुझ्यासमोर होती."